माझ्या हातचा बोअर

सुप्याच्या कंपनीत मी रिटायर होईपर्यंत इंजिनच्या सिलिंडरचे बोअर, म्हणजे आतल्या गोल पोकळ्या, मोजले. दुसऱ्यांनी केलेले. सिलिंडर टेबलावर यायचा, मी आत गेज घालायचे, काटा बघायचे. पास, नाहीतर लाल रंगाचा फराटा. मला मशीनवर घ्या म्हणून कितीदा तरी मागितलं. सुपरवायझर हसून म्हणायचे, "बाई, तुमचा हात मोजायला चांगला आहे. मशीन राहू द्या."

राहू दिलं. रिटायर झाले आणि नगरच्या घरी पार्किंगमध्ये जुना लहान लेथ आणून बसवला. स्कूटर उन्हात गेली. ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण लेथ टेम्पोतून उतरवताना दोरी ह्यांनीच धरली.

मला एक इंजिन करायचं होतं. ओंजळीत मावेल एवढं, पण खरंखुरं चालणारं. राहात्याहून दीर आले होते. त्यांनी मी इंजिनासाठी कापलेला बिडाचा सिलिंडर हातात फिरवून पाहिला.

"वहिनी, ह्यानं पानी उपसंल का?"

"नाही."

"मग कशापायी येवढं?"

"मला करायचंय म्हणून."

"ह्या वयात बायका देवदर्शनाला जात्यात."

"जाऊ देत की. मी कुणाला अडवलंय?"

लेथवर भोक कापून झालं की आतली भिंत होनिंगने घासतात. बारीक दगडाच्या पट्ट्या आत फिरत असतात आणि सिलिंडर हाताने पुढे-मागे सरकवायचा. दीर गेल्यावर मी तेच करायला बसले, पण राग हातात उतरला होता. सिलिंडर जोरात, लांबवर ओढत राहिले. दगड दर खेपेला तोंडाबाहेर येत होते. पुसून गेज घातलं तर दोन्ही तोंडांशी रुंद, मध्ये अरुंद. चक्क डमरू.

ह्यांनी डोकावून पाहिलं. "चालेल की. आत कोण बघतंय?"

"मी बघतेय," म्हटलं, आणि रंगाची डबी उघडून त्याच्यावर लाल फराटा मारला.

"अगं, स्वतःच्याच कामावर?"

"मग काय, आयुष्यभर दुसऱ्यांच्याच कामावर मारू?"

दुसऱ्या दिवशी नवा तुकडा चढवून भोक कापलं. सिलिंडर हवा तेवढाच सरकावा म्हणून आडकाठी बसवली. लेथ सावकाश, तेल सारखं चालू. थोडं घासायचं, धुवायचं, घरात फरशीवर निवू द्यायचं, मगच मोजायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गरम सिलिंडर खोटं माप सांगतो. संध्याकाळी पाठ भरून आली, पण गेजचा काटा वरपासून खालपर्यंत जवळजवळ हलला नाही. आत तिरप्या रेघांची बारीक जाळी उमटली होती.

तेलाचं बोट फिरवून पिस्टन वरून सोडला आणि खालचं तोंड तळव्याने दाबून धरलं. पिस्टन मधेच हवेवर थांबला, कडेने हवा निसटतच नव्हती. तळवा काढला तसा सुळकन उतरला. ह्यांनी सिलिंडर माझ्या हातातून घेतला आणि तेच पुन्हा पुन्हा करत बसले.

दिरांना फोनवर कळलं, तसे म्हणाले, "मग आमचा फवारनीचा पंप बी करून द्या. लई गळतोय."

"तो दुकानात द्या, भाऊजी. हे मी माझ्यासाठी करतेय."

इंजिन जोडून झालंय, पण अजून सुरू झालेलं नाही. ठिणगी पडते, एकदा फट्कन आवाज येतो आणि गप्प. शेजारीण विचारते, झालं का? मी सरळ सांगते, नाही झालं. उद्या कार्बोरेटर उघडणार आहे.