होडीच्या पोटाचं माप

टेलरबाईंनी चाळीस वर्षं माणसांची मापं घेतली आणि त्रेसष्टाव्या वर्षी एका होडीचं माप घेताना त्या चुकल्या. चुकल्या कशा, तर माप अगदी बरोबर आलं. गोम तिथंच होती.

होडी धाकट्या लेकीची. म्हणजे मूळची तिच्या मामाची. पण मामाने ती एका गोदामामागे दोन ओंडक्यांवर चढवून ठेवली आणि अकरा वर्षं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. अठरा फूट लांब, फायबरची, एके काळी पांढरी. धाकटी सात वर्षं कारखान्यात खोकी चिकटवत होती आणि तिला त्याचा वीट आला होता. मोठ्या तलावापलीकडच्या पाच वस्त्यांवर टपाल आणि औषधं पोचवण्याच्या कामासाठी तिने अर्ज केला आणि यादीत तिचं नाव चक्क पहिलं लागलं. अट एकच होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेआधी स्वतःची होडी तपासणीत पास झाली पाहिजे. नाही झाली, तर काम यादीतल्या दुसऱ्याला.

मामा म्हणाला, “ने ती होडी. माझी कटकट गेली.”

अशी ती कटकट टेलरबाईंच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली येऊन बसली. बंदरावरचा फायबरवाला बघायला आला. चढून आत एक पाय टाकला, तो घोट्यापर्यंत तळफळीत गेला.

टेलरबाईंचे यजमान आयुष्यभर बेकरीत भट्टीपुढे उभे राहिलेले. त्यांनी आत वाकून भोकात बोट घातलं, काळा भुगा काढला, हुंगला. “चहात बुडवून विसरलेला पाव आहे हा,” म्हणाले.

फायबरवाल्याने समजावून सांगितलं. बाहेरची कातडी धडधाकट आहे. आतलं लाकूड कुजलंय. तळाशी दोन लांब तुळया आहेत, त्याच होडीचा कणा, त्या गेल्यात. इंजिन टांगतात ती मागची जाड फळीही गेलीय. सगळं उपसायचं, नवं लाकूड बसवायचं आणि वरून काचेचं कापड रेझिनमध्ये भिजवून चढवायचं. “मला दोन महिने मान वर करायला सवड नाही. आणि खरं सांगू का बाई, कुणी करूही नये.”

टेलरबाईंच्या कानाने त्यातला एकच शब्द उचलला. “कापड म्हणालात?”

“हो. काचेचं.”

“आणि रेझिन म्हणजे खळ?”

“तसंच म्हणा. फक्त ही खळ धुतली तरी निघत नाही.”

“मग मी करते,” टेलरबाई म्हणाल्या आणि चहाचे कप उचलून आत गेल्या. यजमानांनी लेकीकडे पाहिलं, लेकीने आभाळाकडे.

चौथीनंतर टेलरबाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण कात्री कशी चालते ते हाताला ठाऊक होतं. धाकटी कारखान्यातून आली की करवत नि ग्राइंडर चालवायची. दिवसभर ही दोघं नवराबायको कुजकं उपसायची. मागची फळी आधी बदलली, ती चांगली बसली. मग तुळयांची पाळी. तळाच्या पोकळीतला फोम पाणी पिऊन इतका जड झालेला, की एकेक लादी दोघांनी मिळून उचलावी लागे. काचेची धूळ कॉलरीतून पाठीत उतरायची. टेलरबाई जुना रेनकोट, डोक्याला फडकं, तोंडाला मास्क अशा अवतारात फाटकाशी गेल्या, तर पोस्टमन पत्र टाकायचं सोडून मागं सरला. खाज तर अशी, की रात्री यजमान म्हणायचे, “आपण संसार केला की खरूज जोडली?”

रेझिनचं खातं यजमानांकडे. तो माणूस कणकेत मीठसुद्धा ताजव्यावर घालणारा. हार्डनर किती थेंब, ऊन किती, मग्यातलं मिश्रण कितव्या मिनिटाला तापायला लागलं, सगळं ते घड्याळ लावून बघायचे. मिश्रण तयार झालं की कुणी मधे बोलायचं नाही. टेलरबाई बोलायच्याच.

जुन्या तुळया कापण्याआधी फायबरवाल्याने फोनवर बजावलं होतं, “पोटाला खालून टेकू द्या. कणा काढला की कातडी लुळी पडते.” टेलरबाईंनी टेकू दिले. साधेसुधे नाही, मापाचे. होडीच्या पोटाला जिथं जसा उतार, तिथं तसा कापलेला ठोकळा, वर गोधडीची घडी. बाळंतिणीच्या पाठीला द्यावी तशी. मग आत बसून त्यांनी खाकी कागदावर तळाचा आकार उतरवला, तो प्लायवर आखला, कापला, बसवून पाहिला, घासला, पुन्हा बसवला. शेवटी उजवी तुळई अशी बसली, की तळ आणि लाकूड यांच्यामधून नखसुद्धा जाईना. यजमानांनी नख घालून पाहिलं. “वा!” म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून वर्षातून एकदा निघायचा.

उजवी तुळई कापड चढवून पक्की झाली. डावी कापून तयार होती. एक तारखेला अकरा दिवस उरले होते.

त्या सकाळी टेलरबाईंच्या मनात आलं, बाहेरून रंगाची एक रेघ आखून ठेवावी. खडू लावलेला दोरा घेतला, होडीखाली चटई टाकून उताण्या झाल्या, दोऱ्याचं एक टोक शेपटाशी आणि दुसरं मध्यावर चिकटवलं. दोरा ताठ, पण होडी दोऱ्याला टेकेना. मधे फट. त्यांना वाटलं, दोरा ढिला पडला, आवळला. फट तशीच. टॉर्च लावून पाहिलं. शेपटापासून चार हातांवर, मागचा ओंडका जिथं अकरा वर्षं रुतून बसला होता त्याच जागी, पोट आत दबलं होतं. दोन बोटं सहज जात होती. तिथून मागं शेपूट खाली कललेलं.

पाठीखालची चटई एकदम गार लागली. टेलरबाई तशाच पडून राहिल्या. माप चुकलं नव्हतं. पोटाला बाक आला होता आणि त्यांनी बाकासकट माप घेतलं होतं. टेकूही त्या बाकाचेच. चाळीस वर्षांची सवय! गिऱ्हाइकाचा एक खांदा पडका असला, की “खांदा पडका आहे” असं म्हणायचं नाही. कोट त्या खांद्याला बेतायचा, आत थोडा कापूस भरायचा. माणूस आरशात बघून खूश, घरी जाऊन खूश. इथं त्यांनी होडीच्या पडक्या खांद्याला इतका सुरेख कोट शिवला होता, की आता तो खांदा जन्मात सरळ होणार नव्हता.

त्यांनी फायबरवाल्याला फोन लावला. “मागच्या अर्ध्या भागात पोट आत दबलेलं असलं तर काय होतं हो?”

“वेग घेतला की होडी नाक खाली घालते. लाट असेल तर नाक लाटेत खुपसते, मग सुकाणू ऐकत नाही. का? आहे का तसं?”

“तपासणीत कळतं?”

“तसं नाही कळत. हातोडीने ठोकून बघतात, ओल बघतात, तलावावर एक फेरी मारतात. पाणी शांत असलं तर निभून जातं. बाई, टेकू देण्याआधी दोरा लावून तळ सरळ केला होता ना?”

“ते तुम्ही नाही सांगितलं.”

“ते काय सांगायचं! ते तर...” पंचवीस वर्षं जे हात आपोआप करतात, ते सांगायचं राहूनच जातं.

दुपारी जेवताना टेलरबाई बोलल्या नाहीत. यजमानांनी दोनदा पाहिलं. “आमटीत मीठ नाही आज,” त्यांनी उगाच खडा टाकून पाहिला. मीठ होतं. टेलरबाई भांडल्याही नाहीत. तेव्हा ते घाबरले.

“बोल बाई. कुणाचं काय बिघडलंय?”

“माझंच,” म्हणून त्यांनी सगळं सांगितलं.

यजमानांनी ताट बाजूला सारलं, जाऊन होडीखाली आडवे झाले आणि बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाहेर आले ते गुडघे झाडत. “कुणाला दिसणार नाही.”

“हो.”

“पण तुला दिसणार.”

“मला मेलीला काय धाड भरलीय. नोव्हेंबरात वारा सुटला, की पाण्यावर ती असणार. एकटी.”

संध्याकाळी धाकटीला सांगितलं. तिने पिशवीही खाली ठेवली नाही. “आई, अकरा दिवस! अगं उजवी तुळई पक्की झालीय. फोडायची म्हणजे दोन दिवस त्यातच गेले. डावी, तळफळी, इंजिन... होणार आहे का हे? राहू दे तशीच. मी हळू चालवीन.”

“तू हळू चालवशील. लाटेला कोण सांगणार, बाई हळू ये म्हणून?”

“आणि काम गेलं म्हणजे? पुन्हा खोकी चिकटवू?”

काम गेलं तर दोष टेलरबाईंचाच. लेक जन्मभर बोलून दाखवणार नाही, तेच जास्त टोचेल. त्या म्हणाल्या, “हे बघ, माणसाचा खांदा मला सरळ करता येत नव्हता, म्हणून कोट वाकडा शिवत होते. हिचा खांदा सरळ करता येतो. मग वाकडा कोट घालून तुला पाण्यात कशी धाडू?”

धाकटी पिशवी टाकून अंगणात गेली. मग ग्राइंडरचा आवाज आला. टेलरबाईंना वाटलं, रागाने काहीतरी फोडत असेल. पण डोकावून पाहिलं तर ती उजवी तुळई कापत होती. अगदी नीट, कातडीला धक्का न लावता. राग होताच. पण हात आईच्या वळणावर गेला होता.

दोन दिवसांनी होडी पुन्हा रिकामी झाली. मापाचे सुंदर टेकू टेलरबाईंनी स्वतः काढले. शेपटाखाली शेजाऱ्यांच्या गाडीचा जॅक लावला आणि दबलेल्या जागी आतून भार द्यायचा ठरलं. भार म्हणून आधी यजमानच स्टुलावर बसले. धाकटी खाली दोऱ्याशी डोळा लावून.

“बाबा, किंचित मागं. अजून. आता हलू नका.”

“किती वेळ?”

“उद्या संध्याकाळपर्यंत.”

“अगं, माझं वजन घ्यायचं तर निदान जेवायला तरी घाला!”

शेवटी त्यांच्या जागी रंगाचे रिकामे डबे ठेवले आणि त्यात पाणी भरायला घेतलं. हे काम यजमानांनी हक्काने मागून घेतलं. मग्याने पाणी घालायचं, थांबायचं, खालून “थोडं राहिलं” ऐकायचं, पुन्हा अर्धा मगा. जॅकचा एक फेरा, पाण्याचा एक मगा. फट दोन बोटांची दीड झाली, दीडाची एक झाली. सूर्य डोक्यावरून कपड्यांच्या दोरीपलीकडे गेला, तेव्हा धाकटी खालून म्हणाली, “टेकला. आई, सगळीकडे टेकला.” आवाजात राग उरला नव्हता, नुसता दम होता.

कातडी मागे उसळू नये म्हणून डबे आणि जॅक तसेच ठेवून त्यांनी तुळया बेतल्या. या खेपेला पोटाला नाही, दोऱ्याला. त्यामुळे लाकूड आणि तळ यांच्यात कुठे काडीएवढी, कुठे करंगळीएवढी फट राहिली. टेलरबाईंचा जीव कासावीस झाला. फायबरवाला फोनवर म्हणाला, “फट हवीच! लाकूड कातडीला थेट टेकलं की तिथंच ती चिरते. लापशी भरा.” लापशी म्हणजे दाट केलेलं रेझिन. यजमानांनी ती अशी कालवली, की चमच्यावरून पडेना. टेलरबाईंनी ती फटींमध्ये बोटाने दाबून भरली आणि आयुष्यात पहिल्यांदा फट भरून काम पुढं ढकललं, तेही नाराजीने. कडेला लापशीची गोलाई दिली, वर काचेच्या कापडाचे तीन थर घातले. सुरकुती मात्र एक ठेवली नाही. तेवढा हट्ट त्यांनी सोडला नाही.

तीस तारखेला होडी पाण्यात उतरली तेव्हा तिला रंग नव्हता. तळफळी अर्धीच स्क्रूने बसवलेली, पुढची अर्धी नुसती ठेवलेली. तपासनीस चष्मा पुसत आला. “बाई, फळी अजून उघडीच?”

“झाकल्यावर तुम्ही काय बघणार होता?” टेलरबाई म्हणाल्या. “आत्ताच बघून घ्या. नंतर कुणाला दिसायचं नाही.”

त्याने वाकून पाहिलं. हातोडीने तुळया टोकापासून टोकापर्यंत ठोकल्या, आवाज ठणठणीत. ओल बघायचं यंत्र लावलं. उजव्या बाजूला बोट ठेवलं. “इथं आधीची तुळई कापून काढल्यासारखी दिसते.”

“काढली. चुकली होती.”

तपासनिसाने चष्म्यावरून पाहिलं, पण पुढं विचारलं नाही. “चला, फेरी मारू.”

वारा होता. धक्क्याजवळ पाणी बारीक उसळत होतं, आत तलावात चांगल्या लाटा होत्या. टेलरबाईंनी सकाळपासून वाऱ्याला शिव्या घातल्या होत्या. आता मात्र त्यांना वाटलं, सुटू दे मेला, आत्ताच काय ते कळू दे. धाकटीने इंजिन सुरू केलं. सावकाश बाहेर गेली. मग वेग दिला. होडीचं नाक वर उचललं गेलं आणि टेलरबाईंनी यजमानांचा दंड पकडला.

“अगं, दुखतंय.”

“गप्प बसा. आता खाली येईल ते बघायचंय.”

नाक खाली आलं. थोडं आलं, समतल झालं आणि तिथंच राहिलं. धाकटी पुढं गेली, मोठं वळण घेतलं आणि आपल्याच होडीने उठवलेल्या लाटांवर सरळ चालून गेली. तपासनिसाने दोन्ही हातांनी बाक धरला. होडी एक लाट चढली, उतरली, दुसरी चढली. नाक वरच.

यजमानांनी सुटलेला दंड चोळला. “काय गं, बरं आहे ना?”

टेलरबाईंनी मान हलवली.

धक्क्यावर तपासनिसाने गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. तळफळी पूर्ण बसवल्याशिवाय कुणाला बसवायचं नाही, असं खाली दोन ओळीत लिहिलं आणि कागद धाकटीच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला, घडी करून आतल्या खिशात ठेवला, वरून बटण लावलं.

“आई, मी सुकाणूवरचा हात सोडला होता,” ती म्हणाली. “क्षणभरच. सरळ गेली.”

“हात सोडायला कुणी सांगितलं होतं?”

“बघायचं होतं.”

“उद्यापासून नको बघूस.” टेलरबाईंनी खांद्याच्या पिशवीतून स्क्रूचा डबा काढला आणि यजमानांच्या हातावर ठेवला. “एकोणचाळीस आहेत. अंधाराच्या आत बसवायचेत. चला, उतरा आत. तुम्ही फळी धरा, मी भोकं जुळवते.”