पत्नीस गाडी न लागण्याबाबत

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीपुढे, धंदा अर्जनवीस, मुक्काम राळेगाव, तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखालचे टेबल. गैरअर्जदार : माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, धंदा शेती, मुक्काम उमरखेड. साक्षीदार क्रमांक एक : माझी पत्नी. साक्षीदार क्रमांक दोन : गाडीचा ड्रायव्हर, राहणार वणी. घटनेचा काळ : कापसाच्या दुसऱ्या वेचणीचा आठवडा. नावे हेतुपुरस्सर लिहिलेली नाहीत. प्रकरण घरातले आहे आणि यातील कोणालाही कचेरीच्या पायरीवर उभे करण्याची माझी इच्छा नाही.

घरातल्या आठवणीची सुरुवात अशी करतात का, हे मला ठाऊक नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते या कडुनिंबाखाली, इतरांच्या तक्रारी लिहिता लिहिता झाले. तालुक्यातील भलेभले पदवीधर माझ्याकडून मसुदा तपासून नेतात, एवढे सांगून हा मुद्दा सोडतो.

वाद वरवर पाहता एका गाडीचा आहे. मुळाशी उमरखेडजवळचे वावर आहे. सासरे वारले आणि सातबाऱ्यावर भाऊ-बहीण अशी दोघांची नावे लागली. आमच्याकडे अशा वेळी बहिणीने निबंधकासमोर हक्कसोडपत्रावर सही करायची, आपला हिस्सा भावाला द्यायचा, भावाने तिला साडी-चोळी करायची, आणि माहेरचे दार पुढेही उघडे राहील असे दोघांनी मानायचे, अशी रीत आहे. माझ्या हातच्या हक्कसोडपत्रात निबंधक कार्यालयाने आजवर चूक काढलेली नाही. घरचेच पत्र तेवढे राहिले होते. मेहुण्याचा फोन येई, "बाई, एक डाव येऊन सही करून जाय." पत्नीचे उत्तर ठरलेले असे, "येतो रे, पन मले गाडी लागते."

तिला गाडी लागते हे आमच्या दोन्ही घरांत सर्वमान्य होते. एसटीचे नाव काढले की ती लिंबू शोधायला उठे. त्यामुळे माहेर दुरावले होते आणि नातेवाइकांत कुजबुज होती की बाईला आता भाऊ नको झाला. मला ते बोचत असे. चांगली गाडी मिळाली तर तिचे माहेर होईल, सहीचे काम निकाली निघेल, आणि माझ्या धंद्यालाही उपयोग होईल, या विचाराने मी बराच काळ अस्वस्थ होतो.

अशात वणीच्या एका कोळसा-वाहतूक ठेकेदाराने, ज्याचे अर्ज मी लिहितो, आपली एक गाडी मला दाखवली. ती त्याने पुण्यातील कोणा परदेशी साहेबाकडून घेतली होती आणि आता विकायची होती. सात जणांची, रुंद, दोन्ही बाजूंना सरकती दारे. घरच्या सॉकेटला वायर लावून ठेवली की यवतमाळ गाठेपर्यंत बॅटरीवर चालते, बॅटरी संपली की पेट्रोलचे इंजिन आपोआप सुरू होते. ठेकेदार म्हणाला, "दोन दिवस ड्रायव्हरसकट घेऊन जा. धंद्याले पाहा, घरच्याले पाहा, मंग सांगा."

पहिला दिवस धंद्याचा. पक्षकारांनी सगळ्या जागा भरून आम्ही यवतमाळला तारखेसाठी निघालो. एरवी आम्ही काळीपिवळी जीपने जातो. तिच्या खडखडाटात प्रत्येक पक्षकार आळीपाळीने माझ्या कानाशी लागतो आणि अर्जात न लिहिण्यासारखे जे असते ते सांगतो. खरे प्रकरण मला तिथेच कळते. या गाडीत इंजिनाचा आवाजच नव्हता. एका म्हाताऱ्या पक्षकाराने सुरुवात केली, "साहेब, थे माया सुनेचं असं झालं..." आणि तो थांबला. मागच्या रांगेतून आवाज आला, "सांगा न बुढेबा, आमालेबी चांगलं आयकू येऊन राह्यलं." सगळे हसले. म्हातारा खिडकीबाहेर पाहू लागला. त्यानंतर यवतमाळपर्यंत कोणी बोलले नाही. मी मनात नोंद केली : आसने उत्तम, गारवा उत्तम, शांतता धंद्यास हानिकारक.

संध्याकाळी घरी येऊन वायर कूलरच्या सॉकेटला लावली. वायरीवरचा दिवा लाल.

"काका, अर्थिंग कच्ची हाय तुमची," ड्रायव्हर म्हणाला. "खड्ड्यात बादलीभर पानी टाका, धरते."

अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात कढीपत्त्याशेजारी आहे. मी पत्नीला हाक मारली. ती बादली घेऊन मागे गेली, रिकामी घेऊन आली. दिवा लालच.

"टाकलं का वं?"

"टाकलं नं."

मी स्वतः जाऊन पाहिले. खड्डा कोरडा होता, कढीपत्त्याचे आळे काठोकाठ भरले होते. अंधारून आले होते, चुकली असेल असे मी समजलो आणि दुसरी बादली खड्ड्यात ओतली. दिवा हिरवा झाला. ड्रायव्हरने टाळी वाजवली. पत्नी दारात उभी होती, ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरखेडला निघालो. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. पत्नी मधल्या रांगेत, डोळे मिटून, मुठीत लिंबू. सोबत एकच कापडी पिशवी. बदलायला साडीसुद्धा घेतली नव्हती. माझ्या पिशवीत हक्कसोडपत्राचा मसुदा होता.

तो प्रवास मी बसून केला असे म्हणता येणार नाही. समोरच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा उतरत होता आणि मी एकदा त्याच्याकडे, एकदा मागे वळून तिच्याकडे पाहत होतो. बॅटरी आहे तोवर धूर नाही, वास नाही, हादरा नाही. नंतर काय, हा प्रश्न. कळंब गेले. "कसं वाटते?" मी विचारले. तिने डोळे न उघडता हात वर केला. जरा वेळाने पुन्हा विचारले. पुन्हा हात. खिडकीची काच खाली केली, वर केली, पिशवी पायाशी ठेवली, मांडीवर घेतली.

"काका, तुमालेच लागली का गाडी?" ड्रायव्हर म्हणाला.

एवढ्यात पत्नीचा फोन वाजला. मेहुणा होता. तिने फोन कानाला घट्ट धरला, तरी त्याचा शब्दन् शब्द पुढे ऐकू आला. "बाई, रजिस्ट्रीचं दुपारचं टोकन घेतलं मी. हिनं साडी आनून ठेवली. भाऊजीनं कागद आनला नं?"

"हो," ती म्हणाली आणि फोन पिशवीत ठेवला.

"या गाडीत फोन स्पीकरवर नसला तरी स्पीकरवरच असते," ड्रायव्हर म्हणाला.

यवतमाळ सोडून आर्णीच्या रस्त्याला लागलो आणि चढणीवर आकडा संपला. गाडी किंचित थरथरली, पुढून इंजिनाने घोगरा आवाज काढला आणि चढ संपेपर्यंत तो वाढत गेला. मी घाईघाईने प्लास्टिकची पिशवी काढून मागे वळलो. पत्नीचे डोळे उघडे होते. ती पुढे सरकली आणि खिडकीच्या बाजूने माझ्या डाव्या कानाशी आली. पक्षकार येतात तशी.

"मले गाडी लागत नाई."

"या गाडीत?"

"कोनत्याच."

मी हातातली प्लास्टिकची पिशवी दुमडली. तीच बोलत राहिली. "पोरगी पोटात होती तवा लागे. मंग बंद झालं. बाबा गेले अन् याचे फोन सुरू झाले. एक डाव तोंडातून निंगालं, गाडी लागते. थो गप झाला. गाडी लागते म्हनलं का मानूस पुढचं इचारत नाई. सही नाई करत म्हनलं असतं तं भाऊ गेला असता. करतो म्हनलं असतं तं वावर. असं म्हनलं तं दोन्ही राह्यले. आता तुमी हे गाडी आनली. मायापाशी सांगाले काय उरलं?"

"मले तरी सांगाचं होतं."

"तुमाले? कागद कोनाच्या पिशवीत हाय?"

ड्रायव्हर रस्त्याकडे पाहत होता. इंजिनामुळे त्याला ऐकू गेले नसावे.

"काय लिवलं त्याच्यात?" तिने विचारले.

मला तो मजकूर पाठ आहे. मी हळू आवाजात म्हणालो, "मी माझा हिस्सा माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या भावाच्या हक्कात सोडून देत आहे."

"मले तं कोनी इचारलं नाई," ती म्हणाली आणि मागे टेकून बसली.

चढ संपला, उतारावर इंजिन आपोआप थांबले, आणि आता बोललेले सगळ्यांना ऐकू येणार होते, म्हणून मी गप्प राहिलो. तिने कापडी पिशवी उघडून चिवड्याची पुडी काढली. आधी ड्रायव्हरला दिला, मग मला, मग स्वतः खात बसली. महागाव येईपर्यंत पुडी संपली होती. माझा चिवडा मुठीतच मऊ झाला.

उमरखेडला मेहुणा फाटकात उभा होता. ड्रायव्हर उतरता उतरताच म्हणाला, "काकू एकदम मस्त आल्या. चिवडा खात आल्या."

"बाईनं? गाडीत चिवडा खाल्ला?" मेहुण्याला इतका आनंद झाला की त्याने बहिणीचे दोन्ही हात धरले. "मंग आता दर सनाले येशीन!"

"बोलावशीन तं येईन," ती म्हणाली.

तो खोटा मनुष्य नाही. वडिलांचे आजारपण त्यानेच काढले, वावरातली विहीर त्यानेच खणली. त्याने गाडीत प्रत्येक जागेवर बसून पाहिले, सरकते दार तीनदा उघडले-लावले आणि मला म्हणाला, "भाऊजी, हे गाडी घ्याच." मग आम्ही ओसरीवर बसलो. भावजयीने ताट आणले. त्यात साडी, त्यावर नारळ. तिने पत्नीला कुंकू लावले आणि साडी पुढे केली. पत्नीने ओटी धरली नाही. हात मांडीवरच राहिले.

"आधी काम करून येऊ म्हनते का?" मेहुणा म्हणाला. "चाल, टोकनाची वेळ होऊन राह्यली."

"सही आज नाई."

भावजय ताट धरून तशीच उभी राहिली. मेहुणा बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि मग अगदी मायेने म्हणाला, "काहून, बरं नाई वाटत का? गाडी लागली का तुले?"

त्याने ते कपटाने विचारले नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकतो. पाण्यात पडलेल्याकडे दोर फेकावा तसे विचारले होते. तिने फक्त "हो" म्हणायचे होते. भावजयीने लिंबू-पाणी आणले असते, टोकनाची वेळ टळली असती, सगळे होते तसे राहिले असते. मला वाटते, त्या क्षणी मीही मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हण.

"नाई," ती म्हणाली. "गाडी नाई लागली."

"मंग?"

"सही नाई कराची म्हनून नाई करत."

"कवाच नाई?"

"थे मले आज सांगता नाई येत. तू मले एक डाव नुसतं बोलावून पाहाय. टोकन न घेता."

मेहुणा माझ्याकडे वळला. "भाऊजी, तुमी लिवनारे मानूस. तुमीच समजवा तिले. कागद काढा."

माझी पिशवी मांडीवर होती. तिची चेन अर्धी उघडी होती, ती मी लावून घेतली. एवढी वर्षे लोकांची बाजू मी मांडत आलो, पण त्या ओसरीवर मला एकच वाक्य सुचले. मी म्हणालो, "तिचा जबाब झाला. आता तुया बाकी हाय."

तो उठून गोठ्याकडे गेला. आम्ही जेवलो. भावजयीने आग्रह करून वाढले, पत्नीने दोनदा भाजी मागून घेतली. मधेच आतून कपाट बंद झाल्याचा आवाज आला. ताट पुन्हा बाहेर आले नाही. गाडीला वायर लावायची का, असे ड्रायव्हरने मला खुणेने विचारले. मी नकारार्थी मान हलवली. त्या घरच्या विजेची मागणी करण्यासारखी वेळ नव्हती. निघताना मेहुणा फाटकापर्यंत आला, पण हात वर केला नाही. परतीची सगळी वाट पेट्रोलवर झाली. इंजिनाचा आवाज होता, बोलायला भरपूर आडोसा होता, पण ती झोपली होती.

त्यानंतर ठेकेदाराचे फोन सुरू आहेत : गाडी घेता की नाही? फोन वाजला की पत्नी हात पुसत बाहेर येते, तो उमरखेडचा नाही हे पाहते आणि आत जाते. मी कडुनिंबाखाली बसतो, दुसऱ्यांचे अर्ज लिहितो, एकच ओळ दोनदा लिहून खोडतो. परवा एक बाई भावाला घेऊन हक्कसोडपत्र लिहायला आली. मी भावाला चहाच्या टपरीवर पाठवले आणि तिला विचारले, "तुमची राजीखुशी हाय का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. असले कोणी तिला विचारले नसावे. मी तरी आजवर कुठे कोणाला विचारले होते?

गाडीबाबत माझा अहवाल असा : धंद्यासाठी निम्मी योग्य, कारण पक्षकार शांततेत खरे बोलत नाहीत. घरासाठी योग्य की अयोग्य, हे ठरवण्यास माझ्याकडे पुरावा नाही. आम्ही घरात दोघे. मुलगी वणीला तिच्या संसारात. सात जागांची गाडी कोणाच्या दारी न्यायची हेच ठरले नसेल, तर आसने आणि बॅटरी तपासून काय होणार? सबब निर्णय राखून ठेवला आहे. मसुदाही माझ्या पिशवीतच आहे. तो फाडलेला नाही, पुढेही केलेला नाही.

तरी गैरअर्जदार, म्हणजे माझे मेहुणे, यांना अर्जदाराची विनंती की, बहिणीने सही केली नाही तरी तिच्यासाठी माहेरचे दार उघडे राहील किंवा कसे, याचा खुलासा त्यांनी करावा. तो लेखी नसला तरी चालेल, फोनवर चालेल. तो मला न करता थेट साक्षीदार क्रमांक एक यांनाच करावा. त्या आमच्याच घरी आहेत, त्यांना गाडी लागत नाही, आणि बोलावणे आल्यास त्या निघण्यास तयार आहेत.