वहीले इचारू

पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचं, चष्मा कपाळावरून नाकावर ओढायचा आणि म्हणायचं, "वहीले इचारू." एवढं झाल्याशिवाय आमच्या मास्टरांनी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर दिलेलं मला आठवत नाही. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुमचं नशीब थोडं कमी.

मास्टर म्हणजे शाळेचे नव्हेत. शाळेची मास्तरीण मी, महापालिकेच्या मराठी शाळेत. ते लूमच्या खात्यातले मास्टर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मूळ खानदेशातले, पण आयुष्य गेलं सुरतेत. नवागामात त्यांची खोली बरोबर माझ्या डोक्यावर होती. माझ्यावर स्लॅब आणि त्यांच्यावर पत्रा. आम्ही अकोल्याकडचे, वडील रेल्वेत होते. त्यामुळे अहिराणी मी जिन्यातच शिकले, वरून खाली येणाऱ्या त्यांच्या भांडणांतून.

हवा तापून कोरडी झाली की मागावरचा ताणा तुटतो, म्हणून खात्यात एक थर्मामीटर होतं. मास्टर निवृत्त झाले तेव्हा मालकाने विचारलं, "मास्टर, काय देऊ?" लोक घड्याळ मागतात, पंखा मागतात. यांनी थर्मामीटर मागितलं. ते आणून जिन्याच्या भिंतीला टांगलं, कारण थर्मामीटर सावलीत ठेवावं असं कुठेतरी ऐकलं होतं. रोज दुपारी दोनला ते खाली उतरत, आकडा बघत आणि वहीत टिपत. वहीच्या पानाला दोन रकाने होते. डावीकडे 'अंदाज', उजवीकडे 'खरं'. होळीची ज्वाला कुठे झुकली, थंडी किती लांबली, दर्याचा वारा कधी सुटला, या सगळ्यावरून डावा रकाना ते पूर्ण वर्षाचा आधीच भरून ठेवत. देवाने फक्त उजवा भरायचा.

आणि देव बरीच वर्षं तो नीट भरत होता, हे कबूल केलं पाहिजे. गल्लीत साखरपुडा असो की गोधड्या धुणं, लोक जिन्यात येऊन विचारत. कोपऱ्यावरचा गुजराती दुकानदारही हाक मारायचा, "मास्टर, काले केटली गरमी?" म्हणजे उद्या ऊन किती? मास्टर पेन्सिल जिभेला लावत. मावशी, म्हणजे त्यांची बायको, वरून ओरडत, "वहीसंगेच लगन करी लेवानं व्हतं!" ते शांतपणे सांगत, "वही उलटी बोलत नही."

पण वही खरं तर मावशींसाठी होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मावशींचं हृदय नाजूक होतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की यांना उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका. मग दरवर्षी चैत्रात एका ठरलेल्या तारखेला मावशींची खाट, माठ आणि देवाचा फोटो माझ्या मागच्या खोलीत उतरायचा, तो थेट पाऊस लागेपर्यंत. तारीख वही ठरवायची. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. खाट उतरवताना मास्टरांचा चेहरा असा असायचा, जशी मुलगीच सासरी धाडताहेत. खाली उतरून दर तासाला विचारायचे, "बरं शे ना?" मावशी म्हणायच्या, "तुम्ही वर जा, मंग बरं वाटी."

मग उजवा रकाना बिघडायला लागला.

पहिल्यांदा कळलं ते बिबड्यांमुळे. बिबडे म्हणजे ज्वारीचे पातळ मोठे पापड. खानदेशी बायका पहाटे उठून, एकमेकींना हाका मारून गच्चीवर घालतात. त्या वर्षी मास्टरांनी दिवस काढून दिला होता आणि दोन उन्हं लागतील म्हणून सांगितलं होतं. दुपारपर्यंतच सगळे बिबडे वाळून वाकडे झाले आणि तडकले. पाच-सहा जणी तुकड्यांची परात घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. मास्टरांनी एक तुकडा हातात फिरवून बघितला, थर्मामीटर काढून झटकलं, कानाशी लावलं आणि जाहीर केलं, "यंत्र बिघडनं." वहीत त्या आकड्याभोवती लाल गोल पडला.

पुढल्या वर्षी लाल गोल वाढले. मास्टरांनी नवं थर्मामीटर आणून जुन्याशेजारी टांगलं. दोघंही एकच आकडा दाखवायला लागली. तेव्हा मास्टर म्हणाले, "याले बी त्यानी सवय लागनी." मी खूप हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "ते यंत्र जिनाम्हा सावलीम्हा बठस, मी पत्राखाले." मास्टरांनी ते ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही ऐकलं नाही.

त्याच सुमारास पेपरात आलेलं मी त्यांना वाचून दाखवलं होतं. जग तापणार हे शास्त्रज्ञांना माहीत होतं, पण गेल्या काही वर्षांत ते त्यांच्या कॉम्प्युटरच्या अंदाजापेक्षाही लवकर तापलं, आणि का ते त्यांनाही पुरतं उलगडलेलं नाही. ढगांचं गणित अवघड आहे, समुद्राचं अवघड आहे. मास्टरांनी कान टवकारले. "त्यासनी बी वही चुकनी?" मी हो म्हटलं. त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या हाताने चहा पाजला. जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांशी त्यांची सोयरीक जुळली होती. "पन ते लाल गोल करतस का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही मास्टर. ते आकडा खरा धरतात आणि अंदाज पुन्हा तपासतात." त्यांनी रिकामा कप माझ्या हातातून काढून घेतला. चहा मला पुन्हा कधी मिळाला नाही.

त्यानंतरच्या वर्षी होळीची राख थंड होते न होते तोच ऊन पेटलं. मी दोनदा वर गेले. म्हटलं, "मावशींना आजच खाली आणू." मास्टरांनी चष्मा ओढला. "वहीले इचारू. आजून बारा दिन शेत, बाई." मावशी पदराने वारा घेत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या म्हणाल्या, "राहू दे वं माय. बारा दिनना काय?" नवऱ्याची आयुष्यभर थट्टा केलेली बाई, पण त्यांची वही चारचौघांत खोटी पाडणं तिच्या जिवावर आलं. आणि मीही मुकाट्याने खाली उतरले. ते मला अजून टोचतं.

चौथ्या दिवशी मी सकाळपाळीची शाळा करून आले तेव्हा मावशी जिन्यात बसलेल्या होत्या. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. मला ओळखेनात. वर मास्टर दोन वाजायची वाट बघत वही उघडून बसले होते. माझी हाक ऐकून ते जसे अनवाणी धावत आले, तसेच रिक्षात बसले. सबंध रस्ताभर ओला पंचा मावशींच्या डोक्यावर धरून एकच सांगत होते, "माले सांगानं व्हतं... माले सांगानं व्हतं." पेन्सिल त्यांच्या कानावर तशीच होती.

मावशी वाचल्या. सहा दिवसांनी घरी आल्या, त्या थेट माझ्या खोलीत. मला वाटलं, मास्टर वही चुलीत घालतील. त्यांनी घातली नाही. फक्त जिन्यात उभे राहून मला म्हणाले, "वही खोटी नव्हती, बाई. जुनी व्हती." नंतर गल्लीतलं कुणी उन्हाचं विचारायला आलं की ते हात जोडायचे. "वहीले इचारू" हे शब्द मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. मला त्यांची आठवण यायची, ते समोर असूनही.

दिवाळीनंतर ते गेले. एका सकाळी उठलेच नाहीत. मावशींना लेकीने कोसाडला, तिच्या सासरी, बोलावलं, पण त्या गेल्या नाहीत. जिन्यातली दोन थर्मामीटरं एकमेकांकडे बघत राहिली.

यंदा होळी झाली आणि तारीख काढायची म्हणून मी वही मागून घेतली. सवयच ती. लाल गोल ओलांडत मी मावशींना दवाखान्यात नेलं त्या दिवसापर्यंत आले. त्यानंतर डाव्या रकान्यातले आधी भरून ठेवलेले सगळे अंदाज खोडलेले होते. त्यांच्या जागी रोजच्या तारखेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तिले इचारं. डोकं दुखस म्हने.' 'तिले इचारं. बरं शे.' 'तिले इचारं. पंखाले वारा नही.' उजव्या रकान्यात आकडा असायचा, कधी नसायचाही. डावा मात्र एक दिवस रिकामा नव्हता. शेवटी नव्या वर्षाचं पान आखलेलं होतं. त्यावर एकच ओळ होती: 'बाई, तिले इचारजा.'

मी ते पान मिटलं. मग वही घेऊन वर गेले. दारातूनच म्हटलं, "मावशी, पत्रा तापला का?"

मावशींनी एकदा वर बघितलं, एकदा माझ्या हातातल्या वहीकडे. "तपना वं माय," त्या म्हणाल्या, "कालदिनच तपना."

मी पेन्सिल जिभेला लावली, तारीख लिहिली आणि खाटेचं एक टोक उचललं.