नंदकुमार सरांनी पाहिलंय

नंदकुमार शेडगे नौदलात हेलिकॉप्टर चालवायचे. वडील सयाजी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. कोपरखैरण्याच्या वसाहतीतला पोरगा पायलट झाला म्हणून त्यांच्या टोळीने अख्ख्या मार्केटात पेढे वाटले होते.

कोचीला असताना एकदा जहाजावर उतरता उतरता इंजिन बंद पडलं. हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून उलटं झालं. नंदकुमार बाहेर पडले, पण मागे बसलेला सहकारी सुयश वर आलाच नाही. त्याचा पट्टा अडकला होता. नंदकुमारनी पुन्हा बुडी मारली, पट्टा कापला आणि त्याला ओढून काढलं. तेव्हापासून सुयश मुंबईला आला की मुक्काम कोपरखैरण्यालाच. नंदकुमारच्या आईला, राजाबाईंना, तोही आईच म्हणायचा.

नौदल सोडल्यावर सुयशने कंपनी काढली. समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगारांची ने-आण करायची.

"नंद्या, तू चीफ पायलट. तू हो म्हणशील तेच मशीन उडणार," तो म्हणाला. काही वर्षं तसंच चाललंही.

मग राजाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. नंदकुमार रजेवर होते. दवाखान्याच्या बाकावर आईशेजारी बसलेले असताना सुयशचा फोन आला. एका हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये लोखंडाचा कीस सापडला होता, म्हणजे आत काहीतरी झिजत होतं.

"उडवायचं नाही," नंदकुमार म्हणाले. "आधी गिअरबॉक्स उघडा. हो, माझा नकार आहे. नाही म्हणजे नाही."

दुसऱ्या दिवशी ते हेलिकॉप्टर उडालं. चालवत होती मोनाली कदम, कळंबोलीची तरुण पायलट. परतीच्या वाटेवर गिअरबॉक्स गेला. तिने कसंबसं पाण्यावर उतरवलं. प्रवासी वाचले, तिचा मणका मोडला.

चौकशीत सुयशने शांतपणे सांगितलं, "कमांडर शेडग्यांनी फोनवर परवानगी दिली होती."

त्या फोनच्या वेळी इंजिनिअर अश्विन सुयशजवळच होता, त्याला खरं ठाऊक होतं. त्याने मान खाली घातली.

नंदकुमारचं लायसन्स गेलं. राजाबाईंना कळलं तेव्हा त्यांनी स्वतः सुयशला फोन लावला.

"अरं सुयश, मी शेजारीच बसले हुते. ह्यो नगं नगं म्हनत हुता."

"आई, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. "मला खोटं पाडलं त्यानं," राजाबाई एवढंच म्हणाल्या.

नंदकुमार मोनालीला भेटायला कळंबोलीला गेले. ती पाठीवर पडून होती. त्यांनी सगळं सांगितलं.

"सर, मी विचारलं होतं, मशीन चेक झालंय का. सुयश सर म्हणाले, नंदकुमार सरांनी पाहिलंय. मग मी पुढे काही विचारलंच नाही."

लायसन्स गेलं तेव्हाही नंदकुमार रडले नव्हते. मोनालीच्या घरून निघाल्यावर जिन्यात, कठड्याला धरून रडले. खोटं बोलायचंच होतं तर निदान त्यांचं नाव वापरून त्या पोरीला पाठवायचं नव्हतं.

पुढे कुठल्याच कंपनीने त्यांना घेतलं नाही. आता ते द्रोणागिरीच्या एका गोदामात सुरक्षा अधिकारी आहेत. ट्रकवाले त्यांना कॅप्टन म्हणतात. त्यांना ते आवडत नाही.

मोनाली वॉकर घेऊन चालायला लागली आणि तिने सुयशच्या कंपनीवर केस केली. नंदकुमार साक्षीदार झाले. पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात सुयश जवळ आला. केस पांढरे झाले होते, सूट भारी होता.

"नंद्या, आपण नेव्हीतले रे. बाहेरच्यांसमोर कशाला? आपसात मिटवू ना."

"मोनालीशी बोललास?"

"तिचं वकील बघतील. मी तुझ्याशी बोलतोय."

"मग नको बोलूस," नंदकुमार म्हणाले. "आणि नंद्या म्हणू नकोस मला."

सुयश वकिलाकडे गेला. केस अजून चालू आहे. अश्विनला दोनदा समन्स गेलं. तो अजून आलेला नाही.