चौदाव्या बोअरची शेवटची नळी

कलिस्ता दगड धुते, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. धुणी धुतात, भांडी धुतात. ती दगड वाचते.

आमच्या बेंगेटच्या डोंगरात सगळे तिला मानांग, म्हणजे थोरली बहीण म्हणतात. मी तिच्याहून वर्षाने मोठा, तरी मीही म्हणतो. सातव्या वर्षापासून तिने बापाशेजारी ओढ्यात बसून लाकडी परातीत रेती घोळली, सोन्याचे कण वेचले. आता पन्नाशी उलटली. खाण कंपनीचं आमचं मशीन जमिनीतून दगडाच्या लांब कांड्या काढतं, आम्ही त्या खोक्यात भरतो आणि ती शेडमध्ये ब्रशने घासून नीट जुळवते. तोंडात सुपारी आणि जिभेला धार. "कोरडा दगड मुका असतो," म्हणते. "ओला केला की बोलतो."

खाली तेरा बोअर कोरड्या गेल्या, तरी गावातले म्हातारे कड्यावर मशीन चढवू देईनात. तेव्हा तीच त्यांच्यापुढे जाऊन बसली. "ओढ्यातलं सोनं त्या कड्यातूनच येतं. एक बोअर मारू द्या. काही निघालं नाही, तर पंचायतीत मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

आमच्याकडे दिलेला शब्द परत घेता येत नाही. चौदावी बोअर कोरडी गेली असती, तर कंपनी गाशा गुंडाळून दुसरा डोंगर शोधणार होती. कलिस्ताने मात्र जन्मभर गप्प बसायचं होतं. कलिस्ता आणि गप्प! मला तर विचारही करवत नव्हता.

दोनशे मीटरवर थांबायचं ठरलं होतं; तिथवर आलो, नुसता करडा दगड. त्या दिवशी गावात लग्न होतं. लग्नात डुक्कर कापलं की माणशी नाव घेऊन मांसाचा वाटा देतात, त्याला वातवात म्हणतात. नाव पुकारलं आणि आपण हजर नाही, म्हणजे गावाने आपल्याला मोजलंच नाही. मशीनवर वीस वर्षं काढलेला मी, पण कान सगळे खाली गावाकडे. दगडाची कांडी पोटात घेऊन शेवटची नळी वर आली. खोक्यात वरचा दगड डावीकडे, खोलचा उजवीकडे; आणि नळी ओतली की सगळ्यात खोलचा आधी बाहेर पडतो, म्हणून खोकं उजवीकडून भरायचं असतं. हे मला झोपेतही ठाऊक आहे. पण त्या दिवशी जे आधी निघालं ते आधी ठेवलं, डावीकडून, आणि धूम ठोकली.

सकाळी भूगर्भवाले विल्यारुझ साहेब खोक्यावर वाकले. डावीकडे हातभर कांडीत तांब्याच्या खनिजाची पिवळी चमक, पुढे पुन्हा करडं.

"बारीकशी शीर होती, संपली," ते म्हणाले. "मशीन खोला."

"साहेब, थांबा," कलिस्ता म्हणाली.

"आता काय, मानांग?"

"हा तुकडा आधीच्या खोक्यातल्या तुकड्याला लागत नाही." तिने दोन्ही जोडून दाखवले. मध्ये बोट जाईल एवढी फट. मग उजव्या टोकाचा तुकडा उचलून लावला, तो झाकणासारखा बसला. पिवळ्या टोकावर तिने पाणी ओतलं. "आणि हे ओरखडे? नळीच्या तोंडातली कडी कांडीला खालच्या टोकाशी धरते, तिचे आहेत. मग ते वर कसे आले?"

साहेब भिंग लावून बघत राहिले. मी दोन पावलं मागे सरकलो.

"कोणी लावलं हे खोकं?"

कलिस्ताने माझ्याकडे पाहिलं. "ते मागाहून विचारा. आधी सुलटं तर करू."

सुलटं केलं. आधी करडं, मग पिवळं, अगदी टोकापर्यंत. शीर संपली नव्हती. आम्ही तिच्या दारात पोहोचून परत फिरत होतो.

मशीन सुरू केलं. पुढची नळी मी उजवीकडून, मोजून मापून लावली. सगळी पिवळी. तिसरी, चौथी, दहावी. चार दिवसांत साठ मीटर गेलो, तरी पिवळं संपेना. प्रयोगशाळेतून कागद आला, तांब्याबरोबर सोनंही होतं. मी मशीनवरच नाचलो.

म्हातारे शेडमध्ये आले. सगळ्यात जास्त विरोध लांगबिस आजोबांचा होता. त्यांनी थुंकी लावून एक कांडी चोळली. "म्हणजे सोनं कड्यातून येतं, हे तुझा बाप खरं सांगत होता तर."

"बाप नाही, मी सांगत होते," कलिस्ता म्हणाली. "माझं नाव घ्या, आजोबा."

त्यांनी घेतलं, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

कंपनीने डुक्कर कापलं. मी खाली गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? दुपारी कलिस्ता धापा टाकत कडा चढून आली. हातात बांबूच्या कामटीत ओवलेलं मांस.

"क्रिस्पो, तुझं नाव पुकारलं. तुझ्या वतीने मी हो म्हटलं, वाटा घेऊन आले."

"खोकं कोणी लावलं, हे साहेबांनी विचारलं?"

"विचारलं. म्हटलं, एक उलटं लावलं, पण पुढचे साठ मीटर त्यानेच सुलटे लावलेत. खा, गार होतंय."

खाता खाता माझे डोळे वाहायला लागले. ती समोर दगडावर बसून राहिली, शेवटचा तुकडा संपेपर्यंत. मग सुपारी थुंकून उठली.

"चल, नळी काढ वर. दगड वाट बघतोय."