शोरूममध्ये राहिलेल्या चपला

सकाळी सव्वासातला अक्काचा फोन आला, तेव्हा मी अंगणात गाडी पुसत होतो. निवृत्तीनंतर हा माझा नित्यक्रम आहे : आधी काचा, मग टप, मग दारे आणि शेवटी चाके. डाव्या बाजूच्या मागच्या दाराशी पोहोचलो होतो. अक्का म्हणाली, ‘‘बाळू, तुझं दाजी गेलं रं...’’ पहाटे उठून त्यांनी स्वतःपुरता चहा केला, कपात ओतला, भिंतीला टेकून बसले, ते तसेच... हे मला नंतर कळले. दहा मिनिटांत मी त्याच गाडीने दौंडला निघालो. दाजींचा सल्ला डावलून घेतलेली ती गाडी. दाजींना जाऊन आता सात आठवडे झाले. वर्गात मी मुलांना नेहमी सांगत असे, की गणित चुकले तर खाडाखोड करू नका. चुकीच्या उत्तरावर एक सरळ रेघ मारा आणि बरोबर उत्तर खाली लिहा. चूक वाचता आली पाहिजे. तोच नियम आज मला स्वतःला लागू करायचा आहे.

दाजी म्हणजे माझ्या एकुलत्या एका बहिणीचे यजमान. दौंडला रेल्वेत नोकरी. गाडी फलाटाला लागली की हातोडीने एकेक चाक वाजवून पाहायचे आणि आवाजावरून ते निकोप आहे की नाही ते ठरवायचे, हे त्यांचे काम. शाळा सातवीपर्यंत झालेली. मी शिक्षक होण्यासाठी शिकत होतो, ती दोन वर्षे त्यांच्या रेल्वे कॉलनीतल्या दोन खोल्यांत राहिलो. त्यांतली एक खोली त्यांनी मला दिली आणि स्वतः उन्हाळा असो की थंडी, ओसरीत झोपले. पदवी हातात येण्याआधीच मला ‘मास्तर’ म्हणू लागले. मी म्हणायचो, ‘‘दाजी, अजून व्हायचोय.’’ ते म्हणायचे, ‘‘आमी आवाजावरनं वळखतो.’’ पुढे मी शिरूरला गणिताचा शिक्षक झालो आणि तिथेच स्थायिक झालो. अक्का-दाजींना मूल नव्हते. दिवाळीत, यात्रेला, दुखण्याखुपण्याला ती दोघे एसटीने आमच्याकडे येत. येताना दाजींच्या हातात दौंडच्या बाजारातली कसली तरी पिशवी असे.

निवृत्तीनंतर आम्ही मोटार घ्यायचे ठरवले. घरात आम्ही पती-पत्नी, सणसवाडीच्या कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा, सून आणि नात. मुलाला उंच, छोटी एसयूव्ही हवी होती, मला बसकी हॅचबॅक. वाद घालण्याऐवजी मी तक्ता केला. आखीव कागद, पट्टीने ओढलेल्या रेघा, दहा मुद्दे, प्रत्येकी दहा गुण. किंमत, इंधन, दुरुस्तीचा खर्च, सामानाची जागा, आमच्या गल्लीत वळवण्याची सोय, रस्त्यापासूनची उंची वगैरे. हॅचबॅकला चौऱ्याहत्तर गुण मिळाले आणि एसयूव्हीला एकोणसत्तर. मुलगा म्हणाला, ‘‘पेपर तुम्हीच काढायचा आणि तपासायचाही तुम्हीच!’’ तेव्हा तिऱ्हाईत परीक्षक म्हणून दाजींना बोलावण्याचे ठरले. ते आले, चष्मा लावला आणि तक्त्यावरून बोट फिरवत बराच वेळ तो वाचत राहिले. मग म्हणाले, ‘‘मास्तर, सगळं झ्याक लिवलंय. पर ह्यात मानूस कुठं हाय?’’ मला कळले नाही. ‘‘सामानाला रकाना हाय, तेलाला हाय. आत कोन बसनार, त्येचा रकाना न्हाई. उद्या चला, बसून बघू.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शिक्रापूरच्या अलीकडच्या एका शोरूममध्ये गेलो. दाजींनी पांढरा पायजमा-सदरा आणि टोपी घातली होती. काचेचे दार, आतला गारवा, आरशासारखी फरशी. त्या फरशीवर ते चार पावले चालले, गाडीपाशी थांबले आणि चपला काढून नीट जोडून ठेवल्या. मी हळूच म्हणालो, ‘‘दाजी, असू द्या, इथे कुणी काढत नाही.’’ ‘‘आवो, पूजा कुठं झाल्याय अजून? तवर ती देवाची. चपलीनं कसं बसायचं?’’ असे म्हणून ते हॅचबॅकमध्ये मागे बसले. लगेच उतरले. पुन्हा बसले. दार धरून, एक हात गुडघ्यावर दाबून, कण्हल्यासारखे करत उठले. मग शेजारच्या छोट्या एसयूव्हीत तसेच. मग परत हॅचबॅकमध्ये. मी मोजत होतो. मोजण्याची मला खोड आहे. अकरा वेळा. पलीकडच्या टेबलावरच्या दोन मुली तोंडाला रुमाल लावून हसू लागल्या. माझे कान तापले.

तेवढ्यात तिथला विक्री अधिकारी धावत आला आणि माझ्या पाया पडला. विक्रम, माझा जुना विद्यार्थी. वर्गात नेहमी पहिल्या तिघांत असायचा. ‘‘सर, तुम्ही! आधी फोन नाही का करायचा?’’ खुर्ची आली, चहा आला. ‘‘माझी भूमिती सरांमुळे पक्की झाली,’’ असे त्याने त्या मुलींना सांगितले, त्या उभ्या राहिल्या. आणि मग गाडीत अनवाणी बसलेल्या, पुढच्या सीटची पाठ बोटाने वाजवून पाहणाऱ्या दाजींकडे पाहत त्याने विचारले, ‘‘सर, हे कोण?’’

मी म्हणालो, ‘‘ओळखीचे आहेत. दौंडचे. गाड्यांतलं कळतं त्यांना, म्हणून बरोबर आणलं.’’

गाडीची काच खाली होती.

दाजींनी ऐकले की नाही, हे त्या क्षणी मला कळले नाही. ते सावकाश उतरले आणि म्हणाले, ‘‘रस्त्यावर चालवून बघू या की.’’ विक्रमने हॅचबॅकची किल्ली आणली, बाहेर उभी असलेली गाडी दाराशी घेतली, आम्ही बसलो आणि निघालो. शिक्रापूरच्या चौकात मालट्रकांची नेहमीची कोंडी होती. विक्रमने गाडी कडेला घेतली. दाजी म्हणाले, ‘‘हितं उतरून बगतो. चढउतार फरशीवर येगळा आन् रस्त्यावर येगळा,’’ आणि दार उघडून खाली उतरलेही. तापलेल्या डांबरावर ते पाय आलटून पालटून उचलू लागले. विक्रम ओरडला, ‘‘अहो काका, चपला कुठंयत?’’ ‘‘तुमच्या शोरूममदी! जागा राखाया ठेवल्यात,’’ दाजी म्हणाले आणि स्वतःच हसले. त्याच वेळी एक ट्रक मागे मागे येऊ लागला. मी खिडकीतून ओरडलो, ‘‘दाजी! दाजी, सांभाळा!’’

ते झटकन बाजूला झाले. ट्रक गेला. विक्रम माझ्याकडे वळला. ‘‘सर... हे तुमचे दाजी आहेत?’’

खरे सांगण्याची संधी माणसाला सहसा दुसऱ्यांदा मिळत नाही. मला अर्ध्या तासात मिळाली होती. उत्तर दाजींनी दिले. दाराची कड धरून, आत वाकून ते म्हणाले, ‘‘न्हाई वो, साहेब. दौंडात आख्खी कॉलनी मला दाजीच म्हनती. ल्हान-थोर समदी. सरांनाबी तीच सवय लागली.’’ एरवी मला ‘मास्तर’ म्हणणारा माणूस त्या वाक्यात मला ‘सर’ म्हणाला. म्हणजे त्यांनी ऐकले होते. आणि माझे खोटे उघडे पडू नये म्हणून त्यात आपल्या पदरचे खोटे घातले होते.

शोरूममध्ये चपला घालून आम्ही दोघे घरी निघालो, तेव्हा वाटेत ते इतकेच म्हणाले, ‘‘उंच गाडी घ्या, मास्तर. गुडघं धरल्यालं मानूस खालच्या गाडीत बसतं, पर उठत न्हाई.’’ कोणाचे गुडघे, ते त्यांनी सांगितले नाही. मला विचारायची गरज नव्हती. अक्काला जिना चढवत नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहत होतो. शोरूममध्ये अकरा वेळा तेच कण्हणे त्यांनी अंगावर घेऊन दाखवले होते. तरीही मी हॅचबॅक घेतली. मुलाला तक्ता दाखवला, चौऱ्याहत्तर आणि एकोणसत्तर. त्याच्यापासून मी जे लपवले ते येथे लिहितो : दाजींचे ऐकले असते, तर त्या उंच गाडीच्या रूपाने ती दुपार माझ्या अंगणात रोज उभी राहिली असती. मला ती नको होती. निर्णय तक्त्याने घेतला असे सर्वांनी मानले. मीही तसे मानण्याचा प्रयत्न केला.

त्या वर्षी भाऊबीजेला मी अक्काला आणायला दौंडला गेलो. बसताना ती बसली. शिरूरला उतरताना मात्र उठता येईना. मी एका हाताला धरले, सुनेने दुसऱ्या. शेजारची माणसे कंदील लावायचे थांबून पाहू लागली. अक्का हसत म्हणाली, ‘‘पोत्यावानी वढा आता.’’ तिचे डोळे मात्र हसत नव्हते. नंतर ती माझ्या गाडीत बसली नाही. ‘‘आमची एसटी बरी, दांड्याला धरून उठता येतं,’’ म्हणायची. मग गुडघे आणखी गेले आणि एसटीही सुटली. तीन वर्षे भाऊबीज दौंडलाच झाली. ओवाळताना तिने कधी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

दाजी मात्र अधूनमधून एकटे येत. सोडायला मी जात असे. गाडीजवळ आले की ते चपला काढत, खिशातली प्लॅस्टिकची पिशवी झटकून उघडत, चपला तीत घालत आणि पिशवी मांडीवर घेऊन बसत. पहिल्यांदा मी म्हणालो, ‘‘दाजी, पूजा झालीय आता.’’ ‘‘झाली की. पर एकदा मागं राहिल्या न्हवं? आता संगं आसल्याल्या बऱ्या.’’ हे बोलताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न असे, की तो टोमणा होता की नुसती गंमत, याचा निवाडा मला आजही करता येत नाही. गेल्या हिवाळ्यात चौफुल्याला चहासाठी थांबलो असताना मी धीर केला. ‘‘दाजी, त्या दिवशी शोरूममध्ये मी...’’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘मास्तर, मागलं चाक वाजतंय का वो? बगू जरा.’’ ते गाडीजवळ गेले, खाली बसले, बोटांच्या पेरांनी चाक वाजवले, कान लावला. ‘‘न्हाई. चांगलं हाय. उगा शंका आली.’’ आम्ही पुन्हा गाडीत बसलो. माझे वाक्य तिथेच राहिले.

दहाव्याला भीमेच्या काठी रेल्वेतली त्यांची जुनी मंडळी जमली होती. एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. ‘‘तात्यांबरोबर तीस वर्षं काढली. सोन्यासारखा माणूस. तुम्ही कोण त्यांचे?’’ मी म्हणालो, ‘‘मेव्हणा. सख्खा. दाजी माझे.’’ ते म्हणाले, ‘‘अस्सं! म्हणजे मास्तर तुम्हीच. तात्या लई सांगायचे तुमचं.’’ मी विचारले, ‘‘कॉलनीत त्यांना दाजी म्हणत ना सगळे?’’ ते गोंधळले. ‘‘दाजी? छे. लहानापासून थोरापर्यंत तात्याच. दाजी कोण म्हणंल? ते तर नात्याचं हाक मारणं.’’ पिंड मांडलेले होते, माणसे कावळ्याची वाट पाहत होती, आणि मी मान खाली घालून वाळूत बसलो होतो. दाजी अशी हाक त्यांना या जगात एकच माणूस मारत होता. त्या एका माणसाची हाक त्यांनी चौकात, अनवाणी उभे राहून, साऱ्या कॉलनीला वाटून टाकली होती.

मागच्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगसाठी त्याच शोरूममध्ये नेली. आतली सफाई करणाऱ्याने मागच्या दाराच्या कप्प्यातून एक घडी केलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि विचारले, ‘‘ही टाकून देऊ?’’ शेवटच्या खेपेला दाजी ती विसरले असावेत. इतके दिवस रोज सकाळी दारे पुसूनही मला ती दिसली नव्हती, कारण मी बाहेरूनच पुसत होतो. विक्रम शेजारी उभा होता. मी पिशवी हातात घेतली आणि त्याला म्हणालो, ‘‘नको. माझ्या दाजींची आहे. तुला आठवतं? मागे माझ्याबरोबर आले होते. चपला इथेच राहिल्या होत्या. ते ओळखीचे नव्हते, विक्रम. माझ्या बहिणीचे यजमान होते. त्यांच्या घरी राहून मी शिकलो. मी तुझ्याशी खोटं बोललो होतो.’’

विक्रमने क्षणभर आठवून पाहिले. मग संकोचाने म्हणाला, ‘‘सॉरी सर... रोज इतकी माणसं येतात. मला नाही आठवत.’’

मी पिशवीची घडी होती तशीच ठेवून ती पुन्हा कप्प्यात ठेवली. तळाशी थोडी माती होती. ती मी झटकली नाही.