टाचेच्या वरची शीर

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे बॅडमिंटनचं कोर्ट आहे. ताई आणि मी दर रविवारी सकाळी तिथे खेळायचो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दोन बिल्डिंगा सोडून राहणारी. खेळण्याआधी तिची पंधरा मिनिटं ठरलेली. मान, खांदे, कंबर, मग कोर्टाभोवती फेऱ्या, शेवटी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणणं. समोरची जोडी ताटकळायची आणि मी वैतागायचे.

त्या रविवारी मला उठायला उशीर झाला. आठनंतर कोर्ट दुसऱ्यांचं. ताई फेऱ्या मारायला निघाली तशी मी म्हटलं, "आज राहू दे ना गं. खेळता खेळता होईल अंग गरम."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि रॅकेट उचलली.

चौथा-पाचवा पॉइंट असेल. ती पुढे, मी मागे. जाळीजवळच्या शटलसाठी ती झेपावली आणि फट्कन आवाज झाला, सुकी फांदी मोडावी तसा. ती गर्रकन मागे वळली.

"रॅकेट का मारलीस गं मला?"

मी तिच्यापासून चांगली दहा फुटांवर होते. "मी नाही मारली," मी म्हटलं. तेवढ्यात ती खालीच बसली.

टाचेच्या वरची शीर तुटली होती. ती तुटते तेव्हा मागून कुणीतरी मारल्यासारखंच वाटतं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, मग प्लास्टर, मग वॉकर. ताई चालू लागली, पण कोर्टावर परत आली नाही.

याला सात वर्षं झाली. मी अजून खेळते. आता माझीच पंधरा मिनिटं असतात. पोटऱ्या ताणायला भिंतीशी वाकले की तो आवाज येतो, पाठोपाठ तिचा प्रश्न. घरात दार आपटलं तरी येतो. 'मी नाही मारली' हे मी किती पटकन म्हटलं होतं!

गेल्या महिन्यात न राहवून ताईकडे विषय काढला. ती मेथी निवडत होती.

"त्या दिवशी मी घाई केली नसती तर..."

"वेडी आहेस का? शीर आधीच झिजलेली होती. वॉर्म-अप करूनही तुटली असती." दोन-चार काड्या निवडून झाल्यावर ती म्हणाली, "कदाचित."

मग भाजी घेऊन ती आत गेली. मी पेपरवरची देठं गोळा करत बराच वेळ तिथेच बसून राहिले.